स्वरांचे गायरान



शास्त्रीय संगीत फुकट किंवा अल्प मोलात कोठून उतरवून घेता येईल, हा प्रश्न आज तालुक्याच्या गावी संगीत शिकणारा विद्यार्थी विचारतो तेव्हा तो प्रश्न फार किरकोळ वाटतो. मोबाईल हाती आहे, इंटरनेट स्वस्त आहे, मग शोधावे आणि ऐकावे, इतके सोपे उत्तर त्याला दिले जाते. परंतु या सोप्या उत्तराच्या मागे मालकीचा एक जुना आणि अवघड प्रश्न उभा आहे. शंभर वर्षांपूर्वी गायिलेला स्वर आज कोणाचा? गाणाऱ्याचा, तबकडी काढणाऱ्या कंपनीचा, की ऐकणाऱ्या समाजाचा? या प्रश्नाचे उत्तर ज्या बाजूने दिले जाईल, त्यावर त्या विद्यार्थ्याचे शिक्षण अवलंबून आहे. म्हणून हा विषय रसिकांच्या चैनीचा मानून सोडून देता येत नाही.

लाखेची तबकडी

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचे प्रतिनिधी फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आले. ज्या पहिल्या भारतीय कलावंतांचा आवाज तेव्हा मुद्रित झाला त्यांत गौहरजान होत्या. दोन-तीन मिनिटांत गाणे संपवायचे आणि शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगायचे, अशी त्यांची रीत होती. त्या वेळी मूळ मुद्रा जर्मनीतील हॅनोव्हरला पाठवाव्या लागत, तेथे तबकड्या दाबून तयार होत आणि मग त्या जहाजाने हिंदुस्थानच्या बाजारात येत. १९०८ साली कलकत्त्यातील सियालदा येथे कारखाना निघाला तेव्हा हा फेरा थांबला.

या तबकड्या ज्या द्रव्याच्या बनत, ती लाख प्रामुख्याने भारतातूनच जात असे. छोटा नागपूरच्या जंगलांतील आदिवासी झाडांच्या फांद्यांवरून ती खरवडून काढीत. म्हणजे लाख येथली, गळा येथला, गिऱ्हाईक येथले. यंत्र, भांडवल आणि मालकी मात्र परदेशची. कापूस बाहेर जाऊन कापड परत येण्याची जी कथा दादाभाईंच्या पिढीने मांडली, तीच कथा स्वरांच्या बाबतीतही घडली. १७ जानेवारी १९३० रोजी गौहरजान म्हैसुरात वारल्या तेव्हा त्यांच्याजवळ पूर्वीचे वैभव उरले नव्हते. ज्या आवाजाने ग्रामोफोनला हिंदुस्थानात गिऱ्हाईक मिळवून दिले, त्या आवाजाच्या धनिणीची ही अखेर होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर संगीताने गेल्या सव्वाशे वर्षांत तीन अवस्था पाहिल्या. मैफलीत गाणे ही सेवा होती. ती घडली त्या क्षणी संपत असे. तबकडीने त्या सेवेची वस्तू केली; ती दुकानात ठेवता येऊ लागली, मोजता आणि विकता येऊ लागली. आजच्या संगणकी ध्वनिफितीने तिसरी अवस्था आणली आहे. एका रसिकाने ती उतरवून घेतली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूची जी व्याख्या केली, तिचे मर्म हेच आहे. दीपगृहाचा उजेड एका जहाजाने वापरला म्हणून दुसऱ्याला अंधार होत नाही. अशा वस्तूची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो आणि ज्या वस्तूचा सीमान्त खर्च शून्य, तिच्याभोवती किमतीची भिंत उभारली की कोणीतरी विनाकारण उपाशी राहतो. भाकरीच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. स्वरांच्या बाबतीत म्हणता येते.

पण याच युक्तिवादाला दुसरी बाजू आहे. दुसरी प्रत फुकट पडत असली तरी पहिली प्रत फुकट पडत नाही. तिच्यामागे कलावंताची वीस वर्षांची तालीम असते, साथीदारांचा मेहनताना असतो, ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाचा रोज असतो. पहिल्या प्रतीचा खर्च कोणी सोसायचा आणि पुढच्या सर्व प्रती कोणासाठी खुल्या करायच्या, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

दोन मालक्या

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याच्या अभावी बहुतेक गोंधळ होतो. ध्वनिमुद्रणात मालकीचे दोन थर असतात. एक थर रचनेचा आणि दुसरा सादरीकरणाचा.

बीथोव्हेन १८२७ साली वारला. त्याच्या नऊ सिंफनींवर आज जगात कोणाचीही मालकी नाही. कोणत्याही वाद्यवृंदाने त्या खुशाल वाजवाव्यात. परंतु गेल्या वर्षी एखाद्या वाद्यवृंदाने वाजवून मुद्रित केलेली तीच सिंफनी मात्र त्या मुद्रणाच्या मालकाची असते. रचना मुक्त आणि मुद्रण बंदिस्त, अशी ही स्थिती आहे. आपल्या रागसंगीतात तर हा भेद अधिक ठळक आहे. यमन कोणाचा? भैरवीला सातबारा कोणी काढला? राग हे गावाच्या गायरानासारखे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनी तेथे गुरे चारली आणि गवत संपले नाही, उलट वाढले. परंपरागत बंदिशींचीही हीच गोष्ट आहे.

बंदिशींच्या बाबतीत ही मुक्तता आपोआप आली नाही, हे मात्र विसरता कामा नये. घराण्यांनी त्या जपून ठेवल्या, तसेच लपवूनही ठेवल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे या वकिलाने देशभर हिंडून उस्तादांकडून त्या मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि छापल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून शेकडो बंदिशी सामान्य विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि दरबाराच्या आश्रयावाचून, लोकांच्या बळावर संगीतशिक्षण चालवता येते हे दाखवून दिले. या दोन महाराष्ट्रीयांनी जे केले त्याला आजच्या भाषेत संगीताचे मुक्तीकरण म्हणावे लागेल. उस्तादांचा त्यावर राग होता, आक्षेप होते, काही आक्षेप न्याय्यही होते. तरीही त्या छापील बंदिशींमुळे घराणी बुडाली नाहीत. त्यांना नवे शिष्य आणि नवे श्रोते मिळाले.

मुदतीचे राजकारण

मुद्रणावरील मालकी किती वर्षे टिकावी? आपल्या देशात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने ध्वनिमुद्रिकेला प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षांची मुदत दिली होती. ती साठ कशी झाली, हे सांगण्याजोगे आहे. गुरुदेव रवींद्रनाथ ठाकुरांचे निधन ७ ऑगस्ट १९४१ रोजी झाले. त्यांच्या साहित्यावरील हक्क विश्वभारतीकडे होते आणि ते ३१ डिसेंबर १९९१ रोजी संपणार होते. ते संपू नयेत म्हणून अगदी अखेरच्या घटकेला वटहुकूम निघाला आणि १९९२ साली कायदाच बदलला. बदल एका कवीच्या निमित्ताने झाला, पण लाभ सरसकट सर्वांना मिळाला. तबकड्यांच्या कंपन्यांच्या गुदामातील जुन्या मालालाही दहा वर्षांचे जादा आयुष्य लाभले. १९४५ साली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका १ जानेवारी १९९६ रोजी समाजाची व्हायची, ती १ जानेवारी २००६ रोजी झाली.

या दहा वर्षांनी कलावंताला काय मिळाले? साधे गणित करून पाहावे. एखाद्या ध्वनिमुद्रिकेपासून दरवर्षी एक रुपया मिळतो असे धरले आणि व्याजाचा दर सात टक्के मानला, तर पन्नास वर्षांच्या उत्पन्नाचे आजचे मूल्य सुमारे तेरा रुपये ऐंशी पैसे होते. मुदत साठ वर्षांची केली की त्यात चोवीस पैशांची भर पडते. म्हणजे पावणेदोन टक्क्यांहूनही कमी. तेही साठाव्या वर्षापर्यंत विक्री पहिल्या वर्षाइतकीच राहते असे गृहीत धरून! कोणत्याही गायकाने या चोवीस पैशांच्या आशेने तंबोरा जुळवला असेल, असे म्हणणे कठीण आहे.

हा विचार केवळ डाव्या मंडळींचा नाही. अमेरिकेत १९९८ साली स्वामित्वहक्काची मुदत वीस वर्षांनी वाढवली गेली आणि ते प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सतरा अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली न्यायालयापुढे निवेदन दिले. त्यांत पाच नोबेल पारितोषिक विजेते होते. केनेथ ॲरो होते आणि बाजारपेठेचे कट्टर पुरस्कर्ते मिल्टन फ्रिडमनही होते. या वाढीने नव्या निर्मितीला मिळणारे उत्तेजन एक टक्क्याहून कमी आणि जुन्या निर्मितीला तर शून्य, असा त्यांचा निष्कर्ष होता. न्यायालयाने १५ जानेवारी २००३ रोजी सातविरुद्ध दोन मतांनी वाढ कायम केली. अर्थशास्त्र हरले आणि मालमत्ता जिंकली, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

पुढे युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणाची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेली. अमेरिकेत १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे कित्येक दशके जवळजवळ कायमची बंदिस्त होती. २०१८ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने मोकळी करण्याचे ठरले. १९२३ पूर्वीची मुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी मुक्त झाली आणि त्यानंतर १९४६ पर्यंतची मुद्रणे शंभर वर्षे पुरी करून मुक्त व्हायची आहेत. एकच तबकडी भारतात साठ, युरोपात सत्तर आणि अमेरिकेत शंभर वर्षांनी समाजाच्या मालकीची होते. या तीन आकड्यांना कलेचा किंवा न्यायाचा कोणताही आधार नाही. प्रत्येक देशातील व्यापारी हितसंबंधांचा जोर तेवढा त्यांतून मोजता येतो.

बाजारात नाही आणि मोकळेही नाही

मालकी इतकी वर्षे टिकवली तर निदान मालक तो माल बाजारात ठेवतो का? टिम ब्रूक्स यांची एक पाहणी २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. १८९० ते १९६४ या काळातील ज्या ऐतिहासिक मुद्रणांवर हक्क शाबूत होते, त्यांपैकी सुमारे चौदा टक्केच हक्कदारांनी बाजारात उपलब्ध ठेवली होती. उरलेली शहाऐंशी टक्के ना विक्रीला होती, ना मोकळी. कुलूप लावून मालकाने किल्ली हरवावी, तशातला हा प्रकार.

गोव्याच्या सूरश्री केसरबाई केरकरांची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचा आवाज म्हणून ज्या सोनेरी तबकड्या पाठवल्या गेल्या, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. पण ती निवडणाऱ्यांना ध्वनिमुद्रिकाच सापडेना, कारण ती छपाईबाहेर गेली होती. अखेर न्यूयॉर्कमधील एका लहानशा दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात पडलेल्या प्रती हाती लागल्या. ज्या स्वराला मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून सूर्यमालेच्या पलीकडे धाडायचे, तो स्वर बाजाराने अडगळीत टाकला होता. व्हॉयेजर-१ ने २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. केसरबाई तेथे विनामूल्य पोचल्या. उद्या त्या डिचोलीच्या मुलीपर्यंत तितक्याच सहज पोचाव्यात, एवढेच मागणे आहे.

काय मिळते आणि कसे पारखावे

आता व्यवहाराकडे वळू. आज कायद्याच्या चौकटीत राहून बरेच काही मिळते. पाश्चात्त्य संगीताची स्वरलेखने हवी असतील त्याने ‘आयएमएसएलपी’ या ग्रंथालयाकडे जावे. एका विद्यार्थ्याने २००६ साली ते सुरू केले. तेथे मुक्त झालेल्या रचनांची पाने आणि काही ध्वनिमुद्रणेही मिळतात. त्याचा इतिहास बोधप्रद आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशनसंस्थेने नोटीस दिली. ग्रंथालय कॅनडात होते. तेथे मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांची आणि युरोपात सत्तर वर्षांची. कॅनडात जे कायदेशीर तेच युरोपात बेकायदा ठरत होते. न्यायालयाचा खर्च पेलणे विद्यार्थ्याला शक्य नव्हते; ग्रंथालय बंद झाले आणि स्वयंसेवकांच्या बळावर जून २००८ अखेर पुन्हा उघडले. कॅनडानेही ३० डिसेंबर २०२२ पासून आपली मुदत सत्तर वर्षे केली, हा त्या कथेचा उपसंहार.

‘म्युझोपेन’ या संस्थेने वेगळी वाट काढली. २०१० साली तिने लोकवर्गणीचे आवाहन केले. अकरा हजार डॉलर मागितले होते, सुमारे अडुसष्ट हजार जमले. त्यातून वाद्यवृंदाला मेहनताना देऊन रचना वाजवून घेतल्या आणि ती मुद्रणे सर्वांसाठी मुक्त केली. पियानोवादिका किमिको इशिझाका यांनी बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे वादन याच मार्गाने २०१२ साली जगाला अर्पण केले. आधी समाजाने कलावंताला पैसे दिले, मग कलावंताने समाजाला संगीत दिले. मधला सावकार वगळला गेला.

भारतीय संगीतासाठी विक्रम संपत यांनी स्थापन केलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ने जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून ऐकण्यासाठी विनामूल्य खुल्या केल्या. अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेत भातखंड्यांच्या ग्रंथांच्या प्रतीही मिळतात आणि लाखेच्या तबकड्यांचे प्रचंड भांडारही आहे. त्या भांडारावर बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये दावा लावला. २०२५ साली तो तडजोडीने मिटला. अटी जाहीर झाल्या नाहीत.

विद्यार्थ्याने काहीही उतरवून घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. रचना कोणाची आणि त्या रचनाकाराच्या मृत्यूला साठ वर्षे उलटली काय? मुद्रण कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाले आणि त्याला साठ वर्षे उलटली काय? मांडणाऱ्याने ते कोणत्या परवान्याखाली मांडले आहे? पहिल्या दोन प्रश्नांनी बहुतेक जुन्या तबकड्यांचा निकाल लागतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेब १९३७ साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिका भारतात केव्हाच मुक्त झाल्या आहेत. किराणा घराण्याची आलापी ऐकण्यासाठी कोणा विद्यार्थ्याला चोरी करावी लागत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्या मुद्रणांबाबत महत्त्वाचे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्यात कलावंत स्वतःच लिहून देतो की नक्कल करण्यास हरकत नाही. जेथे उत्तर मिळत नाही, तेथे वस्तू संशयास्पद समजावी.

गाणाऱ्याचे पोट

येथे कोणी प्रामाणिक गवई उभा राहून विचारील, की सर्व फुकट झाल्यावर आम्ही काय खावे? या प्रश्नाला बगल देणाऱ्याला समाजवाद हा शब्द उच्चारण्याचा अधिकार नाही. गवई हा श्रमिक आहे. स्वस्ताईचा आग्रह धरताना ती स्वस्ताई कोणाच्या श्रमातून आली, हे पाहिलेच पाहिजे.

क्लाउस हायमान यांनी १९८७ साली हाँगकाँगमध्ये ‘नॅक्सॉस’ ही कंपनी काढली आणि नामांकित कंपन्यांच्या तुलनेत अगदी अल्प किमतीत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या सीडी जगभर विकल्या. लाखो सामान्य रसिकांच्या घरी त्यामुळे बाख आणि मोझार्ट पोचले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु ही किंमत परवडली कशी? प्रारंभी पूर्व युरोपातील वाद्यवृंदांकडून, तेथील कमी मेहनतान्यात, ही मुद्रणे करून घेतली गेली. वादकांना एकदाच ठराविक रक्कम मिळे, विक्रीत वाटा नसे. ग्राहकाची बचत आणि वादकाची तूट या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या.

आपल्याकडील कायद्यात तर १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी गायक-वादकाला सादरकर्ता म्हणून कोणताच हक्क नव्हता. मालकी तबकडीच्या निर्मात्याची, गळा भाड्याचा. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातून मिळणाऱ्या मानधनात सादरकर्त्याला वाटा देण्याचे तत्त्व मान्य झाले. हे पाऊल उशिरा पडले, पण योग्य दिशेने पडले. तेव्हा न्यायाची रेषा कोठे ओढावी हे स्पष्ट आहे. मृत कलावंतांचा साठ वर्षांपूर्वीचा ठेवा समाजाचा; तेथे कंपनीची मक्तेदारी नको. हयात कलावंताचे श्रम त्याचे. तेथे रसिकाने हात आखडता घेऊ नये. तरुण गायिकेची नवी ध्वनिफीत चोरून उतरवणारा भांडवलशाहीशी लढत नाही, तो एका मजुराची रोजी बुडवतो. शक्य तेव्हा कलावंताकडूनच थेट विकत घ्यावे. खाजगी मैफलीची चोरून केलेली फीत त्याच्या संमतीवाचून पसरवू नये.

बीथोव्हेन आणि आकाशवाणी

बाजार आणि चोरी यांखेरीज तिसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो एकदा पडताळून पाहिला गेला आहे. जून २००५ मध्ये बीबीसीच्या रेडिओ थ्रीने बीथोव्हेनच्या नऊही सिंफनी, जानान्द्रेआ नोसेदा यांच्या संचालनाखाली बीबीसी फिलहार्मोनिकने वाजवलेल्या, प्रक्षेपणानंतर काही दिवस विनामूल्य उतरवून घेण्यासाठी खुल्या ठेवल्या. चौदा लाखांच्या आसपास प्रती लोकांनी उतरवून घेतल्या. वादकांना त्यांचा पगार मिळाला होता. तो जनतेच्या परवाना-शुल्कातून मिळाला होता. जनतेने आपलीच वस्तू घरी नेली. तथापि ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ओरड केली की फुकट संगीताने संगीताचे मोल घटते. एप्रिल २००७ मध्ये बीबीसी ट्रस्टने नव्या सेवांना मंजुरी देताना शास्त्रीय संगीत अशा विनामूल्य उतरवून घेण्याच्या सोयीतून वगळले. प्रयोग फसला म्हणून थांबला नाही. तो यशस्वी झाला म्हणून थांबवला गेला.

हा प्रसंग इंग्लंडचा असला तरी त्याचा बोध आपल्या दाराशी आहे. नभोवाणी मंत्री असताना बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी १९५२ साली आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्या काळापासून देशातील बहुतेक थोर गायक-वादक आकाशवाणीच्या माईकसमोर बसले. त्यांचे मानधन सरकारी तिजोरीतून गेले आणि घरात रेडिओ ठेवणारा शिक्षक, कारकून, गिरणी कामगार पोस्टात रांगेत उभा राहून वर्षाचे परवाना-शुल्क भरत असे. त्या मुद्रणांचा ठेवा या अर्थाने जनतेच्या पैशाने जमला आहे. त्यातील निवडक गोष्टी सीडीच्या रूपाने विकल्या गेल्या, काही इंटरनेटवरही आल्या. २६ जानेवारी २०१६ रोजी ‘रागम’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीतवाहिनी सुरू झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होती. पण वाहिनी जे ऐकवील ते ऐकणे वेगळे आणि ठेव्यातून आपल्याला हवे ते मागून घेणे वेगळे. मागण्याचा हा हक्क अजून मान्य झालेला नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. आकाशवाणीच्या ध्वनिभांडाराची संपूर्ण सूची प्रसिद्ध व्हावी. काय शिल्लक आहे आणि काय पुसले गेले, हे जनतेला कळावे. ज्या मुद्रणांची मुदत संपली ती विनामूल्य उतरवून घेता यावीत. ज्यांची संपलेली नाही, ती कलावंताला किंवा त्याच्या वारसांना योग्य मोबदला सरकारी तिजोरीतून एकदाच देऊन मुक्त करावीत. पुढील प्रत्येक करारात साथीदारांसह सर्वांचा मेहनताना वाढवून, ठराविक वर्षांनंतर ते मुद्रण जनतेचे होईल अशी अट असावी. आणि साठ वर्षांच्या मुदतीत आणखी वाढ करण्याचा प्रयत्न कोणत्याही व्यापारी कराराच्या दडपणाखाली झाला, तर संसदेत आणि संसदेबाहेर त्याला विरोध व्हावा.

भास्करबुवा बखल्यांचा आवाज तबकडीवर उतरला नाही. तो १९२२ साली त्यांच्याबरोबर गेला. त्या हानीला आज कोणालाही जबाबदार धरता येत नाही. परंतु जे आवाज उतरले, जे आजही फितींवर जिवंत आहेत, ते कपाटात विरून गेले किंवा किमतीच्या कुंपणाआड राहिले, तर त्याची जबाबदारी या पिढीवर येईल. गावोगावची गायराने डोळ्यांदेखत कशी गेली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. स्वरांचे गायरान अजून पुरते गेलेले नाही. ते राखणे हे रसिकांचे काम आहे, तसेच ज्यांना आपण राजकीय कार्यकर्ते म्हणतो त्यांचेही आहे.